दोघींत एक : हॉटेलात वाटून खाता का अजून?

ओली_चटणी

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारूनच टाकते.

मी आणि माझी मैत्रीण रुइया कॉलेजात एका बाकावर बसायचो, १९९६ पासून. दोघींच्याही घरून हातखर्चाला मोजकेच पैसे मिळायचे. शनिवारी लेक्चर संपलं की टिळक पूल ओलांडून चालत दादर पश्चिमेला जायचं आणि प्रकाश हॉटेलात साबुदाणा वड्याची एक प्लेट, एक थालीपीठ आणि एक पियुष घ्यायचं. पियुषसोबत एक रिकामा ग्लास मागून घ्यायचा. वरचं अर्धं माझं, तळाचं तिचं, कारण जायफळाची पूड खाली बसते आणि तिला ती आवडते. थालीपीठ मोडायचं काम तिचं. ज्या बाजूची कड जास्त खरपूस, ती बाजू ती माझ्याकडे सरकवायची. मी कधी मागितली नाही, तिने कधी विचारलं नाही.

पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, ती ठाण्याला गेली, मी गोरेगावला. तरी महिन्यातून एकदा भेटायचं आणि दोघींत एक मागवायचं हे काही सुटलं नाही. पैसे आले म्हणून दोन पियुष मागवावेत असं दोघींच्याही मनात आलं नाही. एकटीने एक डिश संपवली तर एकाच चवीने पोट भरतं, दोघींत तीन-चार चवी होतात. आणि खरं सांगू? एका ताटलीत खाताना जे बोलणं होतं ते दोन ताटल्या घेऊन होत नाही.

गेल्या तीन भेटी मात्र ती म्हणते, "तू तुझं मागव, मी माझं मागवते." तिचं ठरलेलं काहीतरी मागवते, तेवढंच खाते, माझ्या ताटलीला हात लावत नाही. विचारलं तर "काही नाही गं, असंच." त्यात मागच्या महिन्यात एका दुसऱ्या हॉटेलात वेटरने आम्हाला शेअरिंगला मनाई असल्याचा बोर्ड दाखवला. तेव्हा ती पटकन म्हणाली, "बघ, आता वय आहे का आपलं असं खायचं?" मला ते फार लागलं.

तर सांगा, तुम्ही वाटून खाता का? कसं खाता, पैशांचं काय करता? आणि समोरच्याने एकदम बंद केलं तर काय समजायचं?

पावभर

पहिला! सूप कायम वन बाय टू. दुसरा विचारच नाही.

गिरगावकर

ताई, धागा वाचून एकदम शाळेच्या फाटकाशी गेलो. मधल्या सुट्टीत एक पेरू आणि चार पोरं. शर्टाचं टोक पेरूवर धरायचं आणि चिमणीच्या दातांनी तोडायचा. मध्ये कापड आलं की उष्टं होत नाही, हा आमचा कायदा. घरी आजीचं उष्ट्या-खरकट्याचं सोवळं एवढं कडक की दुधाच्या भांड्याला जेवताना हात लागला तर सगळं दूध बाजूला. पण चिमणीचे दात म्हटलं की आजीचंही काही चालायचं नाही.

मोठेपणी तीच पोरं धोबीतलावला कयानी या इराणी हॉटेलात. ती जागा १९०४ पासूनची आहे आणि आम्ही तिथे १९८९ पासून. ब्रून मस्का घ्यायचा तो कापलेला, एक-एक तुकडा चहात बुडवायचा. ब्रून कडक, एकट्याने अख्खा खाल्ला तर टाळू सोलवटते, म्हणून तो वाटूनच खावा असं माझं प्रामाणिक मत आहे. आज चौघांतले तिघे उरलो आहोत. तरी चौथा तुकडा तसाच ताटलीत राहू देतो आणि उठताना जो शेवटी उठेल त्याने तो खायचा.

रानवारा

गिरगावकर काका, शेवटची दोन वाक्यं वाचून थांबले थोडा वेळ.

शेंगदाणा

माझा प्रतिसाद वेगळा आहे, रागावू नका.

आम्ही पाच भावंडं. लहानपणी हॉटेल म्हणजे वर्षातून दोनदा, गणपतीचं डेकोरेशन बघायला गेल्यावर. बाबा दोन मसाला डोसे मागवायचे आणि सात जणांत ते वाटले जायचे. माझ्या वाट्याला कायम कडेचा पापुद्रा यायचा, भाजी मधल्यांकडे जायची. पहिला पगार झाला त्या दिवशी मी एकटी उडप्याकडे गेले. मसाला डोसा मागवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकटीने खाल्ला. भाजी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यामुळे कुणी "चल, अर्धं अर्धं करू" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, बिल मी आनंदाने देते, पण डोसा माझा मला अख्खा लागतो. वाटून खाणं म्हणजे जवळीक आणि न वाटणं म्हणजे दुरावा असं सरसकट धरू नका एवढंच म्हणणं आहे. ओली_चटणी, तुमच्या मैत्रिणीचंही असं काहीतरी असेल, जे इतकी वर्षं ती बोलली नसेल.

ओली_चटणी

शेंगदाणा, या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं. तिच्याही घरी माणसं बरीच होती. पण थालीपीठाची चांगली बाजू ती मला द्यायची हो, स्वतः घ्यायची नाही. आता तर ते आठवून जास्तच चुटपुट लागली.

पावभर

शेंगदाणा, आपण भेटलो तर तुमचा डोसा तुमचा, माझा माझा. फक्त चटणी जास्तीची मागवू. :)

खानावळवाला

बोर्डाबद्दल लिहितो, कारण आमचं स्वतःचं हॉटेल आहे. नाशिकला, चौदा टेबलं, वडिलांपासून.

शेअरिंगला मनाई हा बोर्ड मुळात अमर्यादित थाळीसाठी असतो. थाळीचा दर ठरवताना एका पोटाचा हिशेब धरलेला असतो. कुणी कमी खातं, कुणी जास्त, सरासरी जुळते. एका थाळीत दोघं जेवले की ती सरासरीच राहत नाही. तिथे मालकाचं बरोबर आहे.

पण तोच बोर्ड डोसा-वड्यालाही लावणं मला पटत नाही. मालक म्हणतात, दोघांनी मिळून एकच डोसा घेतला तरी दोन खुर्च्या अर्धा तास अडतात, दोन ताटल्या, दोन वाट्या सांबार, दोन वाट्या चटणी जाते आणि धुणाऱ्या पोराचं काम दुप्पट होतं. हे खोटं नाही, साडेबारा ते अडीच या वेळात ते जाणवतं. पण दुपारी चारला अर्धं हॉटेल रिकामं असताना गिऱ्हाइकाला उठवायचं कशाला? वाटून खाणारी जोडी सहसा तीन-चार पदार्थ मागवते आणि वर्षानुवर्षं येत राहते. आमच्याकडची सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं अशीच आहेत.

दोन गोष्टी मात्र करा. वाटून खाणार हे मागवतानाच सांगा, म्हणजे उत्तप्पा आतूनच कापून येतो. दोन डोसे असतील तर एकामागून एक द्यायला सांगा. डोसा टेबलावर पाच मिनिटं राहिला की वाफेने मऊ पडतो, मग अर्धा खाणाऱ्यालाही मजा नाही आणि अख्खा खाणाऱ्यालाही नाही.

आणि सूपचं गुपित: एका सूपचं माप दोन बाऊलमध्ये ओतलं की दोन्ही अर्धवट दिसतात. आचाऱ्याला ते बघवत नाही, तो प्रत्येकात थोडं वाढवतो. वन बाय टूवाल्यांच्या वाट्याला आमच्याकडे नेहमी जास्तच सूप जातं.

पावभर

खानावळवाला, तुमच्या आचाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

मोजूनमापून

आमच्याकडे एका ठिकाणी रिकाम्या ताटलीचे वेगळे पैसे लावले होते. हे योग्य आहे का?

खानावळवाला

मेनूकार्डावर आधी छापलेलं असेल तर निदान तुम्हाला ठरवता येतं. न सांगता बिलात आलं तर विचारा आणि काढून घ्या. सर्व्हिस चार्जचंही तसंच, तो आपोआप बिलात लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. खुशीने द्यायचं ते वेटरच्या हातात द्या.

नदीकाठ

बंगळुरात या, इथे हा प्रश्नच पडत नाही. इथे कॉफी 'बाय टू' मागायची, काउंटरवाला डोळा वर न करता एक कॉफी दोन पेल्यांत ओततो. ऑफिसातले मोठे साहेबही बाय टूच घेतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दर्शिनी नावाची ती उभ्याने खायची हॉटेलं असतात ना, तिथे उंच गोल टेबलाभोवती अनोळखी माणसंही आपापली ताटली टेकवून खातात. मी मूळची सोलापूरची. इथे आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी रोज एकटी असायची, मीही एकटी. एक दिवस तिने नुसतं "बाय टू?" विचारलं. तिच्याशी आज अकरा वर्षांची मैत्री आहे.

आपल्या मुंबईचा कटिंग तसाच. फक्त कटिंग आधीच अर्धा असतो, त्याला जोडीदार लागत नाही.

काटाकिर्र

सगळं मान्य, पण मिसळ वाटून खायची नाही. मिसळीत फरसाण पडलं की घड्याळ सुरू होतं. गप्पा मारत, "घे तू, नको तू घे" करत बसलात की त्याचा लगदा. बेडेकरांकडे नारायण पेठेत लोक रांगेत उभं राहून आत जातात, ते काय एका वाटीत दोन चमचे घालायला? प्रत्येकाची मिसळ वेगळी, स्लाइस हवे तेवढे, वर सँपल म्हणजे रस्सा.

रंकाळा

काटाकिर्र भाऊ, सँपल काय, कट म्हणा! आणि कोल्हापुरात आम्ही मिसळ वाटून खातो. एकाने मिसळ घ्यायची, दुसऱ्याने रिकामी वाटी. मटकी आणि फरसाण कोरडं दोन भागांत करायचं आणि आपापला कट आपापल्या वाटीत ओतायचा. लगदा होत नाही. आधी ओलं करून मग वाटताय, तिथेच चुकतंय.

काटाकिर्र

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. करून बघतो.

गिरगावकर

मिसळीचा विषय निघालाच आहे तर दादरकरांचा मान राखा. २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातली सर्वोत्तम शाकाहारी डिश म्हणून निवडली गेली ती आस्वादची मिसळ.

रंकाळा

काका, तिखट कमी असतं ती. :) पण अभिनंदन आहेच.

कढीपत्ता

अवांतर थांबवून थोडं मूळ विषयाकडे. मी शाकाहारी, माझी मैत्रीण मालवणची. तिला सुरमई दिसली की जगाचा विसर पडतो. आमची वाटणी अशी: मालवणी हॉटेलात तिने थाळी घ्यायची, मी भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. सोलकढी दोघींची मिळून, पण ती आधी दोन ग्लासांत ओतून घ्यायची आणि मगच तिने माशाला हात लावायचा. हा क्रम तिनेच ठरवला, मी बोलायच्या आधी. एकदा वेटरने चुकून तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, मसाल्याची वाटी माझ्या बाजूला ठेवली तर मला कळायच्या आत तिने उचलली. वाटून खाणं म्हणजे नुसतं एका ताटलीत चमचे घालणं नव्हे, समोरच्याला काय चालत नाही ते ध्यानात ठेवणंही त्यातच आलं.

मांडवीतीर

पणजीत आम्ही भाजी-पाव खातो तो वाटूनच. कॅफे भोसले म्हणा, टाटो म्हणा. एकाने पातळ भाजी घ्यायची, दुसऱ्याने सुकी, मग दोन्ही मधे. एक मिरची भजी चिरून अर्धी अर्धी. आणि बन मागवला तर तो मात्र हाताने फाडायचा, सुरीने कापला की आतली केळ्याची ओल चिकटते. आमचा अड्डा सकाळी साडेसातचा. सेवानिवृत्त चार जण, पैसे आळीपाळीने. वही नाही, हिशेब नाही. ज्याची पाळी त्याला आधीच माहीत असतं.

मोजूनमापून

पाळीची पद्धत चौघांचं खाणं सारखं असेल तर ठीक. आमच्या ग्रुपमध्ये एक जण नुसती लस्सी घेतो आणि बिल समान भागात गेलं तर त्याला दुसऱ्यांच्या पनीरचे पैसे पडतात. तो बोलत नाही, पण पुढच्या वेळी येत नाही. आमच्याकडे आता असं आहे: मधे ठेवून सगळ्यांनी खाल्लेलं समान, एकट्याने मागवलेलं ज्याचं त्याचं. हिशेब जेवण झाल्या झाल्या मिटवायचा, उद्यावर गेला की कडवट होतो.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय, श्टुटगार्ट. इथे बिल मागितलं की वेटरचा पहिला प्रश्न, एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हटलं तर तो चामड्याचं जाड पाकीट काढून प्रत्येकाकडे जातो आणि तू काय खाल्लंस, तू काय प्यायलास असं विचारून हिशेब करतो. कुणाला त्यात वाईट वाटत नाही. पण दुसऱ्याच्या ताटलीत हात घालणं इथे फारसं नाही. पहिल्या वर्षी मी सहकाऱ्याच्या ताटलीतली एक बटाट्याची फोड सहज उचलली आणि तो बघतच राहिला.

तरी एक गोष्ट मला इथली फार आवडते. लहान मुलांसाठी बऱ्याच हॉटेलांत 'रॉयबरटेलर' मिळते, म्हणजे लुटारूची ताटली. रिकामी ताटली आणि काटा-चमचा. मुलाने आई-बापाच्या ताटल्यांतून हवं ते लुटायचं. मेनूत तसं छापलेलं असतं, दर शून्य किंवा नाममात्र. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, ती अजून तेच मागते. कधी कधी वाटतं, ही ताटली मोठ्यांनाही मिळायला हवी.

घर आठवलं की आम्ही चार मराठी मित्र इथियोपियन हॉटेलात जातो. एक मोठी परात येते, खाली आंबूस, जाळीदार, आंबोळीसारखी इंजेरा अंथरलेली आणि तिच्यावर भाज्या-डाळी वाढलेल्या. सगळ्यांनी हाताने त्याच परातीतून खायचं. खालची इंजेरा रस पिऊन मऊ होते, तो शेवटचा भाग सगळ्यात चविष्ट आणि त्यावरून आमची भांडणं.

रानवारा

लुटारूची ताटली! आजपासून आमच्या घरात हाच शब्द.

डबा_उघडा

ओली_चटणी, थोडं विचारू का? तुमची मैत्रीण स्वतःचं म्हणून काय मागवते? आणि पियुष घेते का?

ओली_चटणी

गेल्या तिन्ही वेळा दोन इडल्या आणि सांबार. एकदा सांबार जास्तीचं मागवलं, चटणी तशीच ठेवली. पियुष नको म्हणाली, ताक घेतलं. आणि हो, हल्ली आल्या आल्या मागवते, पूर्वीसारखं गप्पा मारून मग नाही. घड्याळ बघते. म्हणूनच मला वाटलं की तिला निघायची घाई असते.

डबा_उघडा

मला जे वाटतंय ते चुकीचंही असेल. पण माझ्या नवऱ्याला साखर निघाली तेव्हा पहिले सहा महिने तो हुबेहूब असंच वागायचा. वेळेवर खायचं, मोजून खायचं, गोळी घेतल्यावर जेवण लांबवायचं नाही. वाटून खाताना आपण नक्की किती खाल्लं ते त्याला कळायचं नाही, म्हणून तो सरळ आपलं वेगळं घ्यायचा. आणि मित्रांना सांगायचा नाही. वेळेवर खाणं, ताक, मोजून दोन इडल्या... तुम्ही लिहिलेलं वाचून मला तेच आठवलं.

गंमत म्हणजे नंतर आम्हाला उलटंच उमगलं. हॉटेलातली एक डिश त्याच्यासाठी जास्तच होते, अर्धी बरोबर पुरते. अर्धी खायला दुसरं माणूस लागतं! आता आम्ही आधी ताटलीत त्याचा भाग काढून घेतो, मग खायला सुरुवात. त्याचा आहार ठरवणाऱ्या बाईंनाही हे पसंत पडलं.

तिला एकदा घरी गाठून विचारा. हॉटेलात नको.

शेंगदाणा

डबा_उघडा यांना अनुमोदन. माझा अंदाज मी मागे घेते, हे जास्त जुळतंय.

कढीपत्ता

विचाराच, ताई. "माझ्याशी का वाटून खात नाहीस" असं नको, "तू बरी आहेस ना" एवढंच.

पावभर

धागा वर काढतोय. ओली_चटणी, काय झालं?

ओली_चटणी

उशीर झाला, माफ करा. रविवारी ठाण्याला तिच्या घरी जाऊन आले.

कढीपत्ता, तुमचंच वाक्य विचारलं. ती ओट्याशी उभी होती. वळली आणि म्हणाली, "एप्रिलमध्ये कळलं." डबा_उघडा, तुमचं बरोबर होतं. फ्रिजवर तिने चुंबकाने कागद लावलाय, सकाळ-संध्याकाळचे आकडे, तिच्या त्या बारीक अक्षरात. एप्रिलपासून सगळे.

मला आधी राग आला, इतके महिने सांगितलं नाही म्हणून. तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तूही पियुष सोडलं असतंस. मला माहितीये ना तू कशी आहेस ते. निदान तू तरी प्यावंस." वयाचं जे बोलली होती तेही उगाच, बोर्ड बघून सुटकेचं निमित्त मिळालं म्हणून.

तिच्याकडे दुपारी जेवलो नाही, सरळ निघालो आणि गाडी पकडून दादरला आलो. एक थालीपीठ, एक डाळिंबी उसळ, दह्याची वाटी. रिकामी ताटली आधीच मागून घेतली आणि खायला लागण्याआधी तिचा भाग काढून दिला. मोडायचं काम तिलाच दिलं. पियुष एक मागवलं. सवयीने रिकामा ग्लासही मागितला आणि मग माझ्या लक्षात आलं. ती हसली. म्हणाली, "असू दे." मी वरचं सगळं प्यायले, तळाशी दोन चमचे राहिलं ते ग्लासात ओतलं. जायफळ सगळं त्यातच आलं होतं. डॉक्टरांना विचारून घेणार आहे म्हणाली, पण ते दोन चमचे तिने पाच मिनिटं पुरवले.

डबा_उघडा

डोळे भरून आले. तिला सांगा, फ्रिजवरचा कागद आमच्याकडेही आहे.

गिरगावकर

ताई, फार बरं केलंत. पुढच्या वेळी दोघी गिरगावात या. ब्रून तिला चालत नसेल तर तुकडा माझा, गप्पा तुमच्या.

पावभर

सगळं सांगितलंत, पण खरपूस कड कुणाकडे गेली?

ओली_चटणी

माझ्याकडे.